शंभरावर तेरा

"तेरा जास्त निघाल्यात," आतून मावशी म्हणाल्या. "सांगायचं काय तिला?"

"सांग की. खूश होईल," काका म्हणाले. "नाहीतरी ती बोलते कुठे."

मी पडद्याच्या अलीकडे स्टुलावर बसले होते. वीज गेली होती. मशीन बंद, पंखा बंद, म्हणून हे ऐकू आलं. एरवी त्या प्रेसमध्ये समोरच्या माणसाशीही मोठ्यानं बोलावं लागतं, आणि मी तिथं जायचं टाळायचे त्याचं ते एक कारण होतं. समोर काचेचं शोकेस होतं, त्यात लग्नपत्रिकांचे नमुने मांडलेले. सगळ्या पत्रिकांवर वधूवरांची नावं तीच. एकाच जोडप्याची गुलाबी, सोनेरी, गणपतीच्या आकाराची अशी वीसेक लग्नं. मी ती वाचत राहिले आणि आपण काही ऐकलं नाही असा चेहरा करून बसले.

काका म्हणजे प्रेसचे मालक. नात्यानं माझे कुणी नाहीत. मावशी त्यांच्याकडे घड्या घालणं, शिवण, चिकटवणं, पुठ्ठा चढवणं ही सगळी बांधणीची कामं करतात. मी त्यांना माझ्या पुस्तकाच्या शंभर प्रती छापायला दिल्या होत्या. शंभरच का, हे सांगायचं तर आधी पुस्तक कसलं ते सांगायला हवं.

चार-पाच माणसं टेबलाभोवती बसतात. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली एकेक व्यक्ती होतात आणि आपण आता काय करतो ते तोंडानं सांगतात. ते जमलं की फसलं हे फासा ठरवतो. गोष्ट सांगणाऱ्याला हाताशी एक पुस्तक लागतं. गाव कसं आहे, तिथं कोण राहतं, कोण कुणाशी बोलत नाही, विहिरीत काय आहे. अशी पुस्तकं मी लिहिते, चित्रं काढते, पानं लावते. दिवसा मी घरूनच शाळेच्या पुस्तकांची पानं लावण्याचं काम करते, त्यामुळे तेवढं येतं. लिहिते इंग्रजीत. शाळा इंग्रजी माध्यमाची होती हे एक, आणि दुसरं म्हणजे इंग्रजीत लिहिताना मला समोर कुणी बसलेलं दिसत नाही. मराठीत समोर माणूस असतोच. खेळही मी टाइप करून खेळवते. ज्यांच्याबरोबर चार वर्षं खेळले त्यांनी माझा आवाज ऐकलेला नाही.

हे पुस्तक आमच्याकडच्यासारख्या एका कातळसड्यावरचं, उघड्या खडकाळ पठारावरचं, होतं. सड्यावर कोरलेली चित्रं आहेत आणि दर पावसाळ्यानंतर त्यातलं एक कमी होतं, अशी सुरुवात. काकांना पहिल्यांदा समजावलं तेव्हा त्यांनी बराच वेळ ऐकून घेतलं आणि मग म्हणाले, "म्हणजे नमन-खेळेच की. सोंग घ्यायचं आणि बोलायचं. फक्त तुमचं बसून." मी हो म्हटलं. इतक्या कमी शब्दांत ते मला कधी सांगता आलं नव्हतं.

या खेळाची पुस्तकं खेळायला घेणारे असतात तसे जमवणारेही असतात. त्यातले काही वरचं प्लास्टिकही काढत नाहीत. पुस्तक येणार असं मी जाहीर केलं तेव्हा आत काय आहे हे फार जणांनी विचारलं नाही. बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच: किती छापताय? मी शंभर म्हटलं. तेवढ्याच छापण्याइतके पैसे माझ्याकडे होते. पण वाचणाऱ्यांना तो एक विचारपूर्वक ठरवलेला आकडा वाटला आणि मीही तसंच राहू दिलं.

किमतीचंही काहीसं असंच झालं. मी छपाई, कागद, पुठ्ठा, टपाल असा खर्च धरला, त्याला शंभरानं भागलं, वर थोडं घातलं आणि नऊशे रुपये लावले. तीन दिवसांत चार प्रती गेल्या. बंगळुरूला अशी पुस्तकं काढणारी एक ओळखीची मुलगी आहे, म्हणजे लिहून ओळखीची. तिनं कळवलं, शंभरच आहेत म्हणतेस आणि नऊशेला देतेस, लोकांना वाटेल कुठंतरी गोची आहे. मी ज्यांनी घेतल्या होत्या त्यांना त्याच भावात ठेवलं आणि बाकीच्यांसाठी बत्तीसशे लिहिलं. आठवड्यात संपल्या. पुस्तक तेव्हा छापलंही नव्हतं. त्यात काहीच बदललं नव्हतं, पानावरचा आकडा तेवढा मी बदलला होता, तोही रात्रीचं जेवण वाढेपर्यंतच्या वेळात.

आईला हे फसवल्यासारखं वाटलं. बाबांना वाटलं नाही. त्यांची पावस गावात आंब्याची बाग आहे. "सीझनची पहिली पेटी घेणारा आंब्याचे पैसे देत नाही," ते म्हणाले. "आपल्याकडे सगळ्यांच्या आधी आला ह्याचे देतो. मग घरी नेऊन चार दिवस शेजाऱ्यांना दाखवतो. खाल्ला तर खाल्ला." आणि मग, "पण पेटी उघडल्यावर वरच्या थरात जे फळ, ते खालच्या थरात हवं. नाहीतर पुढच्या वर्षी दारात उभा राहणार नाही."

प्रत्येक प्रतीला क्रमांक असणार होता. लोकांनी आपापले मागून घेतले. पहिला क्रमांक पुण्याच्या एका गृहस्थांनी घेतला. ते निवृत्त आहेत आणि त्यांच्याकडे अशा पुस्तकांचं एक कुलूपबंद कपाट आहे, हे त्यांनीच कळवलं होतं. सात, अकरा, पन्नास, शंभर लगेच गेले. मग वाढदिवसांच्या तारखा गेल्या. नव्याण्णव विकून एक मी माझ्यासाठी ठेवणार होते, तर शेवटी कुणीच न मागितलेला त्र्याऐंशी उरला. तो माझा.

पुण्याच्या गृहस्थांनी पैसे भरल्यावर आणखी एक प्रश्न विचारला होता. छापताना जास्तीच्या प्रती निघतातच, त्यांचं तुम्ही काय करता? मी उत्तर लिहिलं की जास्तीची एकही प्रत राहणार नाही, निघाली तर माझ्यासमोर कापली जाईल. लिहायला अर्धं मिनिट लागलं असेल. वाक्य बरं वाटलं म्हणून मी ते विक्रीच्या पानावरही टाकलं.

मुंबईचे छापखाने हजाराखाली बोलत नव्हते, म्हणून मी काकांकडे आले होते. ते लग्नपत्रिका, आंब्याच्या पेट्यांची लेबलं, देवळांची पावतीपुस्तकं छापतात. पुस्तक असं त्यांनी कधी छापलं नव्हतं. त्यांना मी कागदावर लिहून दिलं होतं, प्रती शंभर. 'फक्त' लिहिलं नव्हतं. लिहिलं असतं तरी काही उपयोग झाला असता असं आता वाटत नाही. आमच्याकडे बाबा नारळ मोजून देतात तेव्हा शंभरावर चार टाकतात आणि घेणारा तिकडे बघतही नाही, ते चार असणारच. दोनशे पत्रिका सांगितल्या की काका दहा-बारा वर देतात. कमी भरलं तर लाज, नेमकं भरलं तर चिकटपणा. हे मला ठाऊक होतं, मी त्यातच वाढले होते. तरी शंभर म्हणजे शंभर हे त्यांना वेगळं सांगायला हवं, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

वीज आली. मशीन सुरू झालं, काका पडदा सारून बाहेर आले. हातात वर्तमानपत्रात बांधलेला एक गठ्ठा.

"हे बघ. तुझ्या शंभर त्या खोक्यांत आहेत. आणि ह्या वरच्या, माझ्याकडून."

मी गठ्ठा सोडला. शेवटच्या पानावर मी छापायला दिलेली ओळ होती, शंभरपैकी प्रत क्रमांक, आणि पुढे पावतीपुस्तकांच्या मशीननं लाल शाईत मारलेला आकडा. एकशे एक. त्याखालच्या प्रतीवर एकशे दोन. शंभरपैकी एकशे दोनावी.

"वेस्टेजला म्हणून पंधरा प्रतींचा कागद जास्त धरला होता," काका म्हणाले. "फुकट गेल्या दोन. बाकी सगळ्या नीट उतरल्या. कागद तुझा, मग पुस्तकं पण तुझीच. बांधणीचे पैसे नकोत ह्यांचे."

मावशी दारात उभ्या होत्या, हाताला खळ लागलेली. "शिवण बघ गो," त्या म्हणाल्या. "उघडून बघ, पूर्ण उघडते."

मी उघडून बघितलं. पूर्ण उघडत होतं. त्या वेळी बोलायचं होतं. वाक्यही तयार होतं, दोन-तीन प्रकारे तयार होतं. मी म्हटलं, "बरं." काकांनी खोकी रिक्षात ठेवून दिली.

घरी येऊन मी मोजल्या. एकशे बारा. पुन्हा मोजल्या. मावशींनी तेरा म्हटलं होतं आणि क्रमांकही एकशे बाराला थांबत होते. एक प्रत कुठंतरी मागे राहिली होती.

बाबा संध्याकाळी पावसहून आले. त्यांनी एक प्रत उचलली, हातात तोलून बघितली, पाठीवरून बोट फिरवलं. "काम चोख केलंय."

"बारा जास्त दिल्यात," मी म्हटलं.

"मग बरंच झालं. विकल्यास तर सगळाच फायदा."

"विकता येणार नाहीत. शंभरच आहेत असं सांगितलंय."

"मग विकू नकोस. वाट. मुंबईला मामाकडे एक, आत्याकडे एक."

"आत्या काय करणार त्याचं?" आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "ह्या घरात कुणाला कळलंय ते पुस्तक?"

"कळायला कशाला हवं. कपाटात ठेवील. ते पुण्याचे तरी दुसरं काय करणार आहेत?"

यावर मला हसू आलं. थोड्या वेळानं बाबांनी विचारलं, "सांगितलंयस म्हणजे नेमकं काय सांगितलंयस?" मी ते वाक्य त्यांना मराठीत करून सांगितलं. त्यांनी प्रत खाली ठेवली. मग म्हणाले, "हे असं लिहून बसायच्या आधी प्रेसवाल्याला विचारायचं होतंस." आणि हात धुवायला गेले.

बंगळुरूच्या मुलीनं वेगळं सांगितलं. सगळेच दहा-बारा बाजूला ठेवतात, त्यांना लेखकाच्या प्रती म्हणतात आणि दोन-तीन वर्षांनी दुप्पट भावानं काढतात. यात गैर काही नाही. नसेलही, पण त्यांनी ते आधी सांगितलेलं असतं. मी आधी जे सांगितलं होतं ते पानावर अजून होतं. ते वाक्य काढून टाकता आलं असतं. मी दोनदा तिथवर गेलेही. पण पुण्याच्या गृहस्थांना पाठवलेलं पत्र काढता येत नव्हतं, आणि ते जपून ठेवणारे होते.

दुसऱ्या दिवशी मी एक प्रत घेऊन खोलीचं दार लावलं आणि ती फाडायचा प्रयत्न केला. पानं मधून चिमटीत धरली, ओढली. मावशींची शिवण हलली नाही. कात्रीनं पुठ्ठ्यावर एक ओरखडा पडला. एकशे चार क्रमांकाची ती प्रत, ओरखड्यासकट, मी परत गठ्ठ्यात ठेवली. आणि फाडता आल्या असत्या तरी तेरावी तिकडेच होती.

मग मी काकांना मेसेज लिहिला. तीन वेळा बदलून पाठवला. त्यांनी तो वाचला नाही, सरळ फोन केला. मी उचलला नाही.

सगळी पार्सलं आणखी तीन दिवसांनी जायची होती. बाबांनी पेटीत घालतात तो पेंढा देऊ केला होता, परदेशी टपालाला गवत चालत नाही हे त्यांना पटत नव्हतं. त्या तीन दिवसांतच हे मिटायला हवं होतं. एकदा पुस्तकं गेली की माझा शब्द त्यांच्याबरोबर गेला, आणि तो खोटा असेल तर नव्याण्णव घरांत खोटा असणार होता. मी बारा प्रती कापडी पिशवीत घातल्या. निघताना माझी, त्र्याऐंशी क्रमांकाची, वर ठेवली. ती का ठेवली हे तेव्हा नीटसं ठरलेलं नव्हतं.

प्रेसमध्ये एक बाई मुलीच्या लग्नाची पत्रिका ठरवायला आल्या होत्या. मी स्टुलावर बसले, पिशवी पायाशी ठेवली, मग पुस्तकं आहेत म्हणून उचलून मांडीवर घेतली.

"दोनशे करा," बाई म्हणत होत्या. "आणि पंधरा-वीस वर टाका हां. आयत्या वेळी कुणी ना कुणी राहतोच, मग आयुष्यभर ऐकून घ्या."

"ते सांगायला नको," काका म्हणाले.

"मागच्या वेळी दहाच टाकलेत. दिरांच्या व्याह्यांना फोनवर सांगावं लागलं. अजून टोमणा मारतात."

"ह्या वेळी वीस टाकतो. मग तर झालं?"

तेवढ्यात मला ती दिसली. शोकेसमध्ये मधल्या कप्प्यात, पत्रिका दोन्ही बाजूंना सारून, माझं पुस्तक उभं केलेलं होतं. खाली मखमलीचा तुकडा होता. बाईंची नजर माझ्या नजरेमागून तिथं गेली.

"हे काय? पंचांग?"

"नाही नाही. पुस्तक आहे." काकांनी काच सरकवली आणि दोन्ही हातांनी ते बाहेर काढलं. "इथंच छापलं. चाळीस वर्षं झाली मला ह्या धंद्यात, लोक पत्रिका वाचतात आणि रद्दीत टाकतात. हे ठेवणार आहेत. परदेशात जातंय. हिचंच आहे," त्यांनी माझ्याकडे हात केला. मी मान हलवली.

"कितीला?"

काकांनी किंमत सांगितली.

"अगं बाय. आत काय सोन्याचा वर्ख लावलाय?" बाईंनी पानं चाळली. "आणि सगळं इंग्लिश."

"किंमत पुस्तकाची नाही, ताई. ही जगात शंभरच आहेत. पुन्हा छापायचीच नाहीत. असं असतं त्यांच्यात." हे मीच त्यांना सांगितलेलं होतं. त्यांनी ते माझ्यापेक्षा चांगलं सांगितलं.

बाई शेवटच्या पानापर्यंत आल्या होत्या. त्यांनी पुस्तक डोळ्यांपासून थोडं लांब धरलं.

"शंभरच, तर ह्याच्यावर एकशे तेरा कसं?"

काका हसले. "ते वरचं. आमचं."

"मग शंभर कुठं राहिली?" बाई म्हणाल्या. त्यांना काही म्हणायचं नव्हतं. पत्रिकेचा हिशेब करताना विचारतात तसंच विचारलं त्यांनी, आणि पुस्तक काउंटरवर ठेवून पुन्हा गणपतीच्या आकाराच्या पत्रिकेकडे वळल्या.

काकांचं हसू लगेच गेलं नाही, पण ते पुस्तकाकडे बघत राहिले. मग माझ्याकडे, मग मांडीवरच्या पिशवीकडे. पिशवीतून वर्तमानपत्राचा कोपरा दिसत होता, त्यांनीच बांधलेला.

"फोन त्याचसाठी उचलला नाहीस काय?" ते म्हणाले.

मावशी पडद्यातून बाहेर आल्या होत्या. त्यांनीही पिशवी बघितली. "परत आणलीस काय गो? शिवण सुटली?"

मी मानेनं नाही म्हटलं.

"तिला नको आहेत त्या," काका म्हणाले. आवाजात राग नव्हता. "जास्तीच्या नको आहेत."

"नको म्हणजे? मग करायचं काय त्यांचं?"

मी आत बघितलं. आतल्या खोलीत कटिंग मशीन दिसत होतं. त्याच्या पात्याच्या वरच्या पट्टीवर दसऱ्याचं हळदकुंकू अजून होतं, पुसटसं. मावशींनी माझ्या नजरेचा माग काढला.

"छापलेलं, बांधलेलं पुस्तक कापायचं?" त्या म्हणाल्या. "रद्दीचा कागद आहे काय तो?"

काकांनी काउंटरवरचं पुस्तक उचललं, मखमलीवर परत ठेवायला हात पुढे केला आणि मध्येच थांबले. ते माझ्या बोलण्याची वाट बघत होते की मी बोलणार नाही याची खात्री करून घेत होते, हे मला कळलं नाही. वीज होती, मशीन चालू होतं. त्या आवाजावरून बोलायचं तर मोठ्यानं बोलावं लागणार होतं. मी उठले, पिशवीतली सगळ्यात वरची प्रत काढून काउंटरवर ठेवली आणि शेवटचं पान उघडून आकडा त्यांच्याकडे फिरवला.

"काका, ही त्र्याऐंशी नंबरची आहे, शंभरातली, माझी," मी म्हटलं. "ही तुम्ही काचेत ठेवा. हातातली मला द्या, आणि ह्या बारा आणि ती, तेराही माझ्यासमोर कापा."